आरोपी नंबर एक : खेकडा

आपल्या राज्यात दुर्घटना घडली की आरोपीचं नाव कळायला वेळ लागत नाही. फक्त तो माणूस नसतो, एवढंच.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी माणसांसकट वाहून गेली. धरणाला गळती लागल्याचं गावकरी आधीपासून सांगत होते. गावकऱ्यांचं म्हणणं फायलीत राहिलं आणि तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी सांगून टाकलं की धरण खेकड्यांनी पोखरलं. मग विरोधी पक्षाचे कार्यकर्ते खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि यांना अटक करा म्हणून हटून बसले. अटक काही झाली नाही. बरोबरच आहे. खेकडा तिरका चालतो हे खरं, पण तो टेंडर भरत नाही आणि बिलावर सहीही करत नाही.

खेकड्याच्या आधी पाऊस होता. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. पूल अरुंद आहे, हे त्या स्थानकावर रोज उतरणाऱ्या प्रत्येकाला पाठ होतं. पश्चिम रेल्वेच्या चौकशीत ठपका आला मुसळधार पावसावर.

मग वाऱ्याची पाळी आली. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याकडे बोट दाखवलं. समोरच्या पाण्यात सिंधुदुर्ग साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ तोच वारा खात उभा आहे, पण त्याचा जबाब कुणी नोंदवला नाही.

आणि १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून १७ माणसं मेली, तेव्हा प्रकरण थेट वरपर्यंत गेलं. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. हे होर्डिंग होतं १२० बाय १२० फुटांचं. मोठेपणाबद्दल त्याची लिम्का बुकात नोंदही झाली होती. म्हणजे जे विक्रमाच्या पुस्तकाला दिसलं, ते परवान्याच्या पुस्तकाला दिसलं नाही. पुढे उच्च न्यायालयात जाहिरात कंपनीच्या संचालकाच्या वतीने सांगण्यात आलं की ही देवाची करणी.

खेकडा, पाऊस, वारा आणि साक्षात परमेश्वर. चौघांचं एक बरं असतं : समन्स बजावायला पत्ता सापडत नाही.

* * *

आता आमच्या शहराच्या पानावर या. शहराचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, प्रत्येक वाचकाला ते आपलंच वाटणार आहे.

पहिल्या दिवशी बातमी येते, ‘खड्ड्याने घेतला बळी’. दुसऱ्या दिवशी, ‘प्रशासन खडबडून जागे’. तिसऱ्या दिवशी, ‘दोषींची गय केली जाणार नाही’. चौथ्या दिवशी चौकशी समिती. पाचव्या दिवशी त्याच जागी नाट्यगृहाच्या तिकिटांची जाहिरात. समितीचा अहवाल आला का, कुणाला मिळाला, त्यात काय लिहिलं होतं, ही सहाव्या दिवसाची बातमी आम्ही अजून वाचलेली नाही. बातमीदाराचा यात दोष काढवत नाही. त्याच्याकडे महापालिका, पोलीस ठाणं, दोन आमदार आणि एक गणेशोत्सव अशी चार खाती असतात, आणि मानधन एकाचंच.

तिसऱ्या मजल्यावरचे काका मात्र कात्रणं ठेवतात. बँकेतून निवृत्त झाले आहेत, हिशेब जुळल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. परवा गॅलरीतून म्हणाले, “अहो, गेल्या वर्षीची बातमी आणि यंदाची बातमी समोरासमोर ठेवली. चौकाचं नाव सोडून सगळं जुळतंय.”

“काका, मग तुम्ही पत्र लिहा ना संपादकांना.”

“लिहिलं होतं. ते पण गेल्या वर्षीचंच चालून जाईल.”

* * *

आमचा खड्डा कसा बुजवला, ते डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो.

रात्री अकराच्या सुमाराला टेम्पो आला. दोन मजूर उतरले. एकाने फावड्याने खड्ड्यातलं पाणी बाहेर उडवलं, म्हणजे जेवढं उडालं तेवढं. दुसऱ्याने पिशव्या फाडून काळं मिश्रण आत ओतलं. रोलर नव्हता, तेव्हा ड्रायव्हरने टेम्पोच दोनदा मागेपुढे फिरवला. तिसरा माणूस काहीच करत नव्हता. त्याचं काम सगळ्यात महत्त्वाचं होतं. तो मोबाइलवर फोटो काढत होता. एक आधीचा, एक नंतरचा, दोन्हींवर तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश. सव्वाअकराला माझ्या फोनवर संदेश आला : आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, कृपया अभिप्राय द्यावा.

सकाळी पहिली बस त्यावरून गेली आणि निवारण रस्ताभर पसरलं. आता खड्डा तर आहेच, शिवाय चाकाखाली सरकणारी खडी. आधी स्कूटरवाले आपटत होते, आता घसरतात. पण कागदोपत्री खड्डा बुजला आहे, आणि अक्षांश-रेखांशासह बुजला आहे. न्यायालयात फोटो टिकेल. रस्त्याचं तेवढं सांगता येत नाही.

महापालिकांना दिसत नाही, असं मात्र म्हणू नये. २०१७ च्या पावसाळ्यात रेडिओवरच्या मलिष्काने मुंबईच्या खड्ड्यांवर विडंबनगीत केलं, आणि पालिकेची माणसं तिच्या घरी जाऊन डासांच्या अळ्या शोधून आली. नोटीसही बजावली. ज्या यंत्रणेला कुंडीखालच्या थाळीतली एडीसची अळी दिसते, तिची नजर अधू कशी म्हणणार? कुठे बघायचं एवढंच ठरलेलं असतं.

* * *

मधल्या मधे फ्लेक्सचं.

रस्त्याच्या कडेला कामाचा फलक असतो. कामाचं नाव, ठेकेदाराचं नाव, रक्कम, आणि ‘दोष दायित्व कालावधी’ म्हणजे इतक्या वर्षांत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. नागरिकाच्या कामाचा रस्त्यावर एवढा एकच मजकूर असतो, आणि आमच्याकडे नेमक्या त्यावरच दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला असतो.

बेकायदा फलकांविरुद्ध उच्च न्यायालयाने २०१७ च्या जानेवारीत सविस्तर निकाल दिला. १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा त्याच्याही आधीपासून आहे. अधूनमधून गुन्हेही दाखल होतात. आता गंमत बघा. फ्लेक्सवर दादांचा फोटो, गॉगलसह. खाली शुभेच्छुकांचे पंधरा फोटो, नावं, पदं, काहींचे मोबाइल नंबर. आणि बातमीत वाचावं तर गुन्हा दाखल ‘अज्ञात व्यक्तीविरुद्ध’. एवढी छायाचित्रं तर पोलीस ठाण्यातल्या सराईतांच्या फलकावरही नसतात.

* * *

कायदा नाही, अशी तक्रार करायला जागा नाही. कायदा भरपूर आहे.

निष्काळजीपणाने मृत्यू ओढवला तर जुन्या दंडसंहितेत कलम ३०४-अ होतं, दोन वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. शिक्षा वाढली, छान झालं. पण ती गाडी चालवणाऱ्याच्या वाट्याला चटकन येते, रस्ता बांधणाऱ्यापर्यंत पोचताना तिचा दम जातो. खड्ड्यात पडून मेलेल्या स्वारावरच निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवल्याचीही उदाहरणं आपल्याकडे आहेत. आरोपी हजर, फिर्याद तयार, आणि बचावाचं भाषण करायला कुणी उरलेलं नाही. पोलिसांना यापेक्षा सुटसुटीत प्रकरण कुठून मिळणार?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ घातलं. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यातून कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. त्याच दुरुस्तीने आपले हेल्मेट, सिग्नल, सीटबेल्टचे दंड वाढवले. आपलं चलन आपण घरी पोचायच्या आत मोबाइलवर हजर असतं, पुराव्याच्या फोटोसह. १९८-अ चं चलन कुणाच्या मोबाइलवर आल्याचं निदान आमच्या गल्लीत तरी ऐकिवात नाही. कॅमेरा खांबावर उंच असतो, त्याला रस्त्याच्या पातळीवरचं दिसत नसावं.

सरकारी नोकरावर खटला भरायला मंजुरी लागते. ती फाइल वर्षानुवर्षं टेबलांवरून फिरायची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये १२० दिवसांची मुदत घातली आहे. तेवढ्यात सरकारने निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं. चांगलं कलम आहे. फक्त मंजुरी मागणारं पत्र आधी कुणीतरी लिहावं लागतं.

तोवर निलंबन असतं. बातमीत ते शिक्षेसारखं छापून येतं, ‘कनिष्ठ अभियंता निलंबित’. सेवानियमांत निलंबन ही शिक्षाच नव्हे. पहिले तीन महिने साधारण अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता, लांबलं तर भत्ता वाढवायची सोय, आणि यथावकाश ‘अकार्यकारी पदावर’ पुनर्स्थापना. निलंबनाची बातमी चार कॉलमी असते. पुनर्स्थापनेचा आदेश एक पानी असतो, आणि तो वर्तमानपत्राकडे पाठवायची पद्धत नाही.

त्यातही निलंबित होतो तो कनिष्ठ अभियंता. जबाबदारी ही वरून खाली येणारी वस्तू आहे आणि श्रेय खालून वर जाणारी. रस्त्याच्या उद्घाटनाच्या कोनशिलेवर पंधरा नावं असतात, त्यात कनिष्ठ अभियंत्याचं नाव कधी वाचलंय? १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला. पुलाच्या संरचनात्मक तपासणीत तो वापरायला योग्य ठरला होता. तपासणी करणाऱ्याला अटक झाली, काही अभियंत्यांना झाली. व्हायलाच हवी होती. पण त्या तपासणीवर विसंबून ज्यांनी फाइल मिटवली, त्या खुर्च्या पायऱ्यांच्या इतक्या वर असतात की तपास दमून मधल्या मजल्यावरच चहा घेतो.

आणि जिथे कुणीच सापडत नाही, तिथे फलक लावतात. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडून चौघे गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. गर्दीने तो मानायला हवा होता, हे खरंच आहे. पण पूल धोकादायक आहे एवढं ज्यांना लिहिता आलं, त्यांना तो बंदही करता आला असता. फलक लावला की जबाबदारी लावणाऱ्याकडून वाचणाऱ्याकडे जाते, हा आपल्या प्रशासनाचा सगळ्यात स्वस्त शोध आहे. रंगाचा एक डबा आणि एक ब्रश.

* * *

अशा वातावरणात १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आला. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांचं खंडपीठ. हे प्रकरण मुळात २०१३ चं. न्या. गौतम पटेल यांनी मुख्य न्यायमूर्तींना खड्ड्यांबद्दल पत्र लिहिलं, त्या पत्राचीच जनहित याचिका झाली. म्हणजे न्यायमूर्तींनाही कागद लिहूनच दाद मागावी लागली, तिथे आपण ॲपवर तक्रार टाकून निवारणाची वाट बघतो. २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की चांगला रस्ता हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०१८ मध्ये पुन्हा निर्देश दिले. तेही पाळले गेले नाहीत म्हणून अवमान याचिका आली. बारा वर्षांनी न्यायालयाने हक्काची भाषा बाजूला ठेवली आणि पैशाची काढली.

खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये. जखमींना जखमेप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख. दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत द्यायचे; नाही दिले तर आयुक्त किंवा त्या यंत्रणेचा प्रमुख व्यक्तिशः जबाबदार, वर नऊ टक्के व्याज. खड्डा कळवला की ४८ तासांत दखल. आणि दिलेली रक्कम ठेकेदार, अभियंते, अधिकारी, जो जबाबदार असेल त्याच्याकडून वसूल करायची.

काकांनी बातमी वाचली आणि पहिल्यांदाच कात्रण न कापता अख्खं पान ठेवलं. “शेवटचं वाक्य आहे ना,” ते म्हणाले, “बँकेत आम्ही फक्त तेवढंच वाचायचो.”

त्यांचं खरं आहे. सहा लाख ही रक्कम कुणाच्या खिशातून जाते यावर तिचं वजन ठरतं. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं आहे. त्यात सहा लाख शोधायला गेलात तर भिंगही हात टेकेल. तिथून ते गेले तर खात्याला कळणारसुद्धा नाही. शिवाय ते आपल्याच घरपट्टीचे असतात. म्हणजे खड्डा आपला, हाड आपलं, आणि भरपाईही आपणच आपल्याला द्यायची. पण तेच सहा लाख ठेकेदाराच्या अनामतीतून कापले, किंवा ज्याने बिलावर ‘काम समाधानकारक’ असं लिहिलं त्याच्या पगारातून हप्त्याने वळते केले, तर पुढच्या बिलावर तोच शब्द लिहिताना पेन थबकेल. शिस्त लावायला तुरुंगच लागतो असं नाही. पगाराच्या पावतीवर वजावटीची एक ओळ पुरते.

म्हणून आमचं मागणं अगदी लहान आहे. दोषींची गय करा की करू नका, ती तुमची जुनी ओळख आहे, आम्ही मध्ये पडत नाही. प्रत्येक महापालिकेने एक वही ठेवावी. तारीख, जागा, दिलेली रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात : कुणाकडून वसूल केली, किती. वही संकेतस्थळावर टाकावी. तो शेवटचा रकाना रिकामा असेल तर रिकामाच छापावा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून, तीस दिवस थांबून, मग अपील करून ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही’ हे उत्तर मिळवण्यापेक्षा ते सोपं पडेल. दोन्हीकडचा कागद वाचेल.

* * *

बातमीदार मित्रांना याच आदेशातली एक गोष्ट दाखवून ठेवतो. भरपाई ठरवायला समित्या नेमायच्या आहेत, महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव अशा. या समित्यांनी अर्जाची वाट बघायलाच हवी असं नाही. वर्तमानपत्रातल्या बातमीवरूनही त्या दखल घेऊ शकतात. म्हणजे आतल्या पानावरच्या आठ ओळी आता नुसत्या आठ ओळी नाहीत, त्यावरून एका घरात सहा लाख जाऊ शकतात. तेव्हा ‘खड्ड्याने घेतला बळी’ एवढ्यावर थांबू नका. रस्ता कोणाचा, महापालिकेचा की सार्वजनिक बांधकामचा की एमएमआरडीएचा, हे लिहा. नाहीतर तिन्ही यंत्रणा एकमेकींकडे बोट दाखवत फेर धरतील. काम कोणत्या ठेकेदाराने केलं, दोष दायित्व कालावधी कधी संपतो, तेही लिहा. फ्लेक्स जरा बाजूला सारला की फलकावर सापडेल.

आणि आठ आठवड्यांनी, न विसरता, दुसरी बातमी द्या. पैसे मिळाले का, आणि कुणाच्या खिशातून. चौकशीचे आदेश ही बातमी नव्हेच, ती आयुक्तांच्या स्वीय सहायकाने आधीच टाइप करून ठेवलेली असते, चौकाचं नाव तेवढं भरायचं बाकी असतं.

वसुली झाली नाही, तर महापालिकेने निदान हिशेब तरी सरळ ठेवावा. आमच्या मालमत्ता कराच्या बिलात वृक्ष उपकर आहे, शिक्षण उपकर आहे, रोजगार हमी उपकर आहे. त्याखाली एक ओळ आणखी छापा : ‘खड्डा भरपाई उपकर’. नाहीतरी भरतो आम्हीच. मग पावती घेऊन भरू. मुदतीआधी भरणाऱ्यांना सवलत द्या, आणि थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजवायला माणसं पाठवाल तेव्हा त्यांना सांगून ठेवा, आमच्या गल्लीत पाय जपून टाका म्हणावं. पडलात तर सहा आठवडे लागतील.